आवाज फाटत नाही

दुकानातल्या जॉबवहीत तक्रारीचा एक रकाना आहे. पैठण गेटजवळ दुकान टाकलं १९९६ साली. तेव्हापासून त्या रकान्यात सगळ्यात जास्त वेळा काय लिहिलं असेल, तर ‘आवाज फाटतो’. टीव्हीचा फाटतो, मंडळाच्या ॲम्प्लिफायरचा फाटतो, शाळेच्या भोंग्याचा फाटतो. कधी स्पीकरचा पेपर गेलेला असतो, कधी आउटपुटचा ट्रान्झिस्टर, आणि बऱ्याचदा वाजवणाऱ्यानं व्हॉल्यूम शेवटापर्यंत पिळलेला असतो. त्याला तसं सांगितलं की त्याला राग येतो, म्हणून सांगत नाही. पेपर बदलून देतो.

२०११ च्या मार्चमध्ये एक पोरगं हातात हिरवी पत्र्याची डबी घेऊन आलं. म्हणालं, “मामा, याच्यातून आवाज फाटंना गेलाय.” मी वहीत जसंच्या तसं लिहिलं : आवाज फाटत नाही. दुकानातल्या पोऱ्याला वाटलं मामाचं चुकलं. त्यानं गुपचूप ‘नाही’ खोडून ‘फाटतो’ करून ठेवलं. ती वही अजून आहे.

डबी म्हणजे ओव्हरड्राइव्हचं पेडल. गिटार आणि ॲम्प्लिफायरच्या मधे पायाखाली ठेवायचं. बटण दाबलं की स्वर जाड होतो, लांबतो, कडेनं जरासा फाटतो. मला हे नवीन नव्हतं. आयटीआयला असताना मी कोलकात्याच्या गिव्हसन गिटारवर ऑर्केस्ट्रात रिदम वाजवायचो. पुढं चितेगावला टीव्हीच्या लाइनवर लागलो तरी शनिवार-रविवारचे कार्यक्रम सुटले नव्हते. पण पेडल उघडून बघायची वेळ त्या दिवशी पहिल्यांदा आली. आणि आपण इतकी वर्षं पोट भरतो ते आवाज फाटू नये म्हणून, आणि हा पोरगा पैसे देतोय तो फाटावा म्हणून, याची गंमत वाटत राहिली.

ती डबी चिनी बनावटीची होती, ट्यूब स्क्रीमर या जपानी पेडलची नक्कल. मूळ पेडल इबानेझच्या नावानं विकलं गेलं, बनवलं मॅक्सननं. सर्किट सुसुमु तामुरा या इंजिनिअरचं. १९७९ साली ते बाजारात आलं. आत बघितलं तर ओळखीचीच मंडळी. एक आठ पायांची आयसी आणि तिच्या फीडबॅकमध्ये उलटसुलट जोडलेले दोन डायोड. बाकी रेझिस्टन्स, कंडेन्सर आणि तीन पॉट : ड्राइव्ह, टोन, लेव्हल. आयसी गिटारचा सिग्नल मोठा करते. ड्राइव्ह पूर्ण बंद असला तरी बारापट, पूर्ण उघडला तर एकशे अठरापटीच्या आसपास. पण फीडबॅकमधले डायोड त्याला सहा दशांश व्होल्टच्या फार पुढं जाऊ देत नाहीत. तिथं लाटेचं डोकं चेपलं जातं. जोरात छेडा नाहीतर हळू, उंची जवळपास तीच राहते, म्हणून स्वर लांबल्यासारखा वाटतो. पोराच्या पेडलमधला एक डायोड शॉर्ट झाला होता. फीडबॅक सरळ जोडला गेला तर आयसी काही मोठं करणार नाही, आत आलं तसं बाहेर. म्हणून आवाज फाटत नव्हता. चार-एक-चार-आठ नंबरचा डायोड टाकला, रुपयाचाही नसेल. पोरानं तिथंच माझ्या टेस्टिंगच्या स्पीकरवर वाजवून बघितलं आणि असा हसला, की मी मजुरी कमीच सांगितली.

इथून दुकानाला नवीन गिऱ्हाईक लागलं. एकानं दुसऱ्याला सांगितलं, आणि शहरातली गिटारवाली, बेंजोवाली मंडळी पेडल घेऊन येऊ लागली. बरेच जण दुरुस्तीला येत, काही ‘मामा, हे चांगलं का ते’ विचारायला. या दुसऱ्या प्रश्नावर मी दहा-बारा वर्षं घालवली.

आधी त्या आयसीचं सांगतो. ट्यूब स्क्रीमरच्या भक्तांचा ठाम विश्वास आहे की जादू त्या आयसीत आहे : जेआरसी ४५५८डी. जुन्या काळातली, चकचकीत पाठीची असेल तर जास्तच. एक गिऱ्हाईक तर ‘ओरिजिनल’ आयसी बाहेरून मागवून बसवून घ्यायला आला होता. आता आमच्या धंद्यात ४५५८ म्हणजे काय, तर होम थिएटरच्या बास-ट्रेबल किटमधली आयसी. दुकानदाराकडं पट्टीनं मिळते. माझ्या खणात मीठ-मोहरीसारखी पडलेली असते. मी त्याच्या पेडलमध्ये सॉकेट बसवला आणि म्हटलं, साहेब, पाठ करून बसा. एकदा त्याची आयसी, एकदा माझ्या खणातली, एकदा भंगारातल्या बोर्डाची, एकदा टीएल ०७२ जातीची, जी मुळात वेगळीच. अशा सहा फेऱ्या वाजवल्या. त्याला त्याची आयसी दोनदाच ओळखता आली, आणि त्यातही एकदा तो नुसता माझ्या तोंडाकडं बघून बोलला असावा. आवाज ठरवतात ते मुख्यतः डायोड आणि आजूबाजूचे कंडेन्सर. आयसीला काम असतं सिग्नल मोठा करायचं, ते कुठलीही बरी आयसी करते.

डायोडचं मात्र खरं आहे. चिकलठाण्याच्या एका कारखान्याच्या भंगारात मला एक जुना सीआरओ, म्हणजे सिग्नलची लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र, मिळाला होता. त्याच्या हिरव्या पडद्यावर मी एका दिवाळीत, दुकान बंद असताना, नुसते डायोड बदलून बघत बसलो. सिलिकॉनचे टाकले : लाटेची डोकी सहा दशांश व्होल्टला चेपली, पण कडा गोल. मग एका मेलेल्या ट्रान्झिस्टर रेडिओतून ओए ७९ काढला. जर्मेनियमचा, काचेचा, रेडिओच्या डिटेक्टरला असायचा तो. तो पाव-एक व्होल्टलाच चेपायला लागतो. आवाज लहान झाला, मऊ झाला, थोडा गुळचट. मग लाल एलईडी दोन उलटसुलट टाकले. ते पावणेदोन व्होल्टपर्यंत वाट बघतात. त्यामुळं आवाज मोठा, मोकळा, आणि जोरात छेडलं तरच फाटणारा. वर वाजवताना अंधारात दोन्ही एलईडी लुकलुकत होते. मुलगी बघून म्हणाली, “बाबा, दिवाळीची माळ केली का?”

आता हिरव्याशिवायची तीन पेडलं. बॉस कंपनीचं पिवळं पेडल एसडी-१ हे १९८१ चं. सर्किट हिरव्याचंच चुलत भावंड, पण त्यात एका बाजूला दोन डायोड आणि दुसऱ्या बाजूला एकच. म्हणजे लाटेचा वरचा भाग एका उंचीला चेपतो आणि खालचा दुसऱ्या. सीआरओवर लाट लंगडी दिसते. कानाला ते जरा खरखरीत, जिवंत लागतं. बॉसचंच निळं, ब्लूज ड्रायव्हर, १९९५ चं. त्यात आयसीच्या जागी सुटे एफईटी ट्रान्झिस्टर आहेत. ते खर्ज जास्त राखतं, वरचं टोक जास्त उघडं ठेवतं आणि बोटाच्या दाबाला लगेच उत्तर देतं. घरात एकट्यानं वाजवायला मला तेच आवडतं. आणि चौथं ते सोनेरी. अमेरिकेत बिल फिनेगन नावाच्या माणसानं १९९४ साली काढलेलं क्लॉन सेंटॉर. त्यात जर्मेनियमचे डायोड आहेत, आणि ते ९ व्होल्ट आतल्या आत वाढवून घेतं. सर्किट कुणाला कळू नये म्हणून बोर्डावर काळा लेप ओतलेला. एका मेकॅनिकला याहून मोठा अपमान दुसरा नाही. मूळ पेडल आता लाखांत जातं. माझ्याकडं आलं ते अर्थात नक्कल.

२०१९ च्या एप्रिलमध्ये, भीमजयंतीच्या आधीच्या आठवड्यात, या चारांची परीक्षा घ्यायचा योग आला. वाळूजला नोकरी करणारा एक इंजिनिअर, हौशी गिटारवाला, सोनेरी पेडल घेऊन आला होता. त्याचं म्हणणं, बाकीची पेडलं म्हणजे खेळणी. उस्मानपुऱ्यात एका गायन पार्टीची रिहर्सल चालू होती. १४ तारखेच्या कार्यक्रमात भीमगीतांना गिटारचे पीस मीच वाजवणार होतो. मी म्हटलं, साहेब, तिकडंच चला.

हॉल पत्र्याचा. संध्याकाळचे सात वाजले तरी भिंतीला हात लावला तर चटका. मी चारही पेडलं टॉवेलखाली ओळीनं मांडली, फक्त पाय घालायला जागा. गिटार एकच, पीस एकच, लेव्हल कानानं सारखी केलेली. हे सारखं करणं महत्त्वाचं, कारण जरासं मोठं वाजलेलं माणसाला नेहमी ‘चांगलं’ वाटतं. दुकानदार याच जोरावर महाग वस्तू खपवतात. परीक्षक चार : साउंडवाला, ढोलकीवाला, गायिका ताई आणि खुद्द इंजिनिअर साहेब. गिटार पेडलमधून थेट मिक्सरमध्ये, तिथून आहुजाच्या ॲम्प्लिफायरवर आणि दोन कॉलमांवर. आपल्याकडं गिटार अशीच वाजते.

ढोलकीवाला म्हणाला, “मला चारी सारखेच.” तो प्रामाणिक माणूस आहे. साउंडवाला दुसऱ्यावर थांबला : “हा ठेव. हा बराबर बसू राहिला, बाकीचे किरकिर करू राहिले.” दुसरं म्हणजे पिवळं. तिसरं आलं तसं त्यानं तोंड वाकडं केलं. तिसरं निळं होतं, माझं लाडकं. चौथ्यावर इंजिनिअर साहेबांनी डोळे मिटले आणि म्हणाले, “हेच माझं.” ते हिरवं निघालं. सोनेरी पहिल्या नंबरावर होतं आणि त्याला ते ‘बरं आहे, जरा पातळ’ म्हणाले होते. टॉवेल उचलल्यावर ते हसले, पण चहा घेतला नाही.

ताईंनी कुठल्याच पेडलला मत दिलं नाही. “मामा,” त्या म्हणाल्या, “जिच्यात मी ऐकू येते, ती लावा. तुमची ही हिरवी डबी माझ्या गळ्यावर बसते.”

त्या एका वाक्यावर मी रात्रभर विचार केला, कारण ताईंचं शंभर टक्के बरोबर होतं. ट्यूब स्क्रीमरमध्ये फाडायच्या आधीच खर्ज कापलेला असतो, साधारण ७२० हर्ट्झच्या खालचा. आणि फाडल्यावर टोनचा पॉट वरचं टोक कापतो. उरतं ते मधलं. मिरवणुकीत, ढोल-ताशा आणि बासच्या गदारोळात, हे मधलंच तेवढं वर येतं, म्हणून हिरवं आणि पिवळं तिथं कामाला येतात. पण माणसाच्या आवाजातली बरीचशी शब्दांची स्पष्टता त्याच मधल्या पट्ट्यात असते. गायिकेचा अंतरा चालू असताना हिरवं पेडल चालू ठेवणं म्हणजे तिच्या बोलण्यात बोलणं. तेव्हापासून मी नियम केला : पेडल फक्त पीसला, अंतऱ्याला पाय काढायचा. ताईंचा राग गेला.

निळ्यानं किरकिर का केली, याचं उत्तर स्पीकरमध्ये आहे. हे सगळे ओव्हरड्राइव्ह जन्मले ते व्हॉल्व्हच्या गिटार ॲम्प्लिफायरसाठी. तो ॲम्प्लिफायर आधीच काठावर आणलेला असतो, पेडल त्याला फक्त मागून ढकलतं. आणि गिटारचा स्पीकर पाच हजार हर्ट्झच्या वर फारसं काही वाजवतच नाही, त्यामुळं फाटलेल्या आवाजातली सगळी कचकच तो स्वतःच गाळून टाकतो. पाश्चात्त्य देशातले वादक पेडलांची तुलना करतात ती हे गृहीत धरून. आपल्या शहरात व्हॉल्व्हचे ॲम्प्लिफायर मी रेडिओत पाहिले, गिटारमागं क्वचितच. आपल्याकडं पुढं मिक्सर असतो, आणि त्यापुढं हॉर्नवाले कॉलम. हॉर्न म्हणजे कचकच वाजवायचंच यंत्र. मोकळं, उघडं, बोलकं पेडल तिथं करवतीसारखं लागतं. परदेशात जो गुण, तो पत्र्याच्या हॉलमध्ये दोष. इंजिनिअर साहेबांचं सोनेरी पेडल वाईट नव्हतं, ते चुकीच्या घरात आलं होतं.

याच्यावर मी एक डबी बनवली. कंडेन्सर ४.७ नॅनोफॅरडचा, रेझिस्टन्स १० किलोओहमचा, एवढंच. साडेतीन हजार हर्ट्झच्या आसपास वरचं हळूहळू कापायला लागते. पिकाच्या औषधाची रिकामी पत्र्याची डबी स्वच्छ धुऊन त्यात बसवली. पेडल आणि मिक्सरच्या मधे लावायची. खर्च वीस रुपये, त्यातले बरेचसे दोन सॉकेटांचे. ती लावून निळं वाजवलं आणि साउंडवाल्यानं दुरूनच अंगठा दाखवला. अशा डब्या मी आजवर पंचवीस-तीस करून दिल्या असतील. फुकट दिलेल्यांचा हिशेब वेगळा.

दुसरी गोष्ट, जी कुणी सांगत नाही : ड्राइव्ह शून्यावर ठेवूनसुद्धा पेडल उपयोगाचं आहे. गिटारच्या पिकअपमध्ये केसासारख्या तारेचे हजारो वेढे असतात. त्याला मिक्सरची लाइन इनपुट सरळ जोडली की तिचा भार सहन होत नाही, वरचे स्वर दबतात, गिटार गोधडीखालून वाजल्यासारखी येते. पेडलची इनपुट मिक्सरपेक्षा कितीतरी हलकी. मधे पेडल आलं की गिटार उठून बसते. पुष्कळ जण म्हणतात ‘पेडलनं माझा आवाज सुधारला’, तेव्हा निम्मं श्रेय या फुकटच्या कामाला असतं.

बेंजोवाल्यांचा प्रश्न आणखी वेगळा. आपला इलेक्ट्रिक बेंजो म्हणजे बुलबुल तरंग, आणि बुलबुल तरंगचं मूळ जपानी ताइशोगोतो, नागोयाच्या मोरिता गोरो यांनी १९१२ साली काढलेलं, टाइपरायटरसारख्या बटणांचं वाद्य. म्हणजे भडकल गेटकडं जाणाऱ्या मिरवणुकीत, ट्रकवर, बेंजोखाली ट्यूब स्क्रीमर ठेवलेला असतो तेव्हा जपानच्या दोन वस्तू आपल्या शहरात एकमेकींना भेटलेल्या असतात. जिन्सीतले एक उस्ताद माझ्याकडं आले. “मामू, सूर पे सूर रखा तो खिचडी हो जाती.” त्यांच्या बेंजोला साथीच्या तारा होत्या, कायम झणझणणाऱ्या. फाटणारं सर्किट दोन स्वर घेतं आणि त्यांच्या बेरजेचे, वजाबाकीचे नवे स्वर स्वतःच तयार करतं. सा आणि प असेल तर ही वजाबाकी साच्याच जवळ जाऊन बसते, चालून जातं. सा आणि ग घेतले तर पेटी-गिटारच्या पट्टीतला ग जरासा चढा असल्यामुळं वजाबाकी सा-ला चिकटत नाही, बाजूला घासत राहते. ४४० चा सा धरला तर दोन सप्तकं खालचा सा ११० चा, आणि वजाबाकी येते ११४ च्या पुढं. ती घासाघासी म्हणजे उस्तादांची खिचडी. त्यांनी साथीच्या बाकीच्या तारा काढल्या, एकाच स्वरातल्या तेवढ्या ठेवल्या, ड्राइव्ह अर्ध्यावर आणला. आता त्यांचा बेंजो चौकाच्या पलीकडून ओळखू येतो.

जनरेटरचं काय सांगू. सिग्नल मोठा करणारं यंत्र हमिंगही मोठं करतं. ट्रकवरच्या जनरेटरला अर्थिंग नसतं, लायटिंगवाल्याचा डिमर त्याच लाइनवर असतो, आणि मग पीस सुरू व्हायच्या आधी पेडलच मधमाश्यांसारखं गुणगुणायला लागतं. म्हणून मिरवणुकीत मी ॲडॉप्टर लावत नाही, ९ व्होल्टची बॅटरी वापरतो. बॅटरीत हमिंग नाही.

पण बॅटरीनंच माझं एकदा पाणी केलं. २०१४ साली, गंगापूरच्या बाजूला कार्यक्रम होता. आदल्या रात्री घरी वाजवून पेडल तसंच पिशवीत टाकलं, गिटारची पिन इनपुटमध्येच. या पेडलांना वेगळं बटण नसतं. इनपुटची पिन आत गेली की बॅटरी चालू होते, वर दिवा लागो न लागो. रात्रभर आणि दिवसभर ती उतरत राहिली. बरोबर मोठ्या पीसच्या तोंडाशी पेडल मेलं. मी घाईनं पायानं बंद केलं, तरी गिटार मुकी. या जातीच्या पेडलमध्ये बंद असतानाही सिग्नल आतल्या ट्रान्झिस्टरमधून जातो, आणि ट्रान्झिस्टरला बॅटरी लागते. आठ मात्रा नुसती ढोलकी वाजली. ढोलकीवाल्यानं सावरून घेतलं, लोकांना वाटलं तो त्याचाच पीस. त्यानं आजतागायत ते मला विसरू दिलेलं नाही.

आता कुणी विचारलं तर सांगतो ते असं. मिक्सरवर वाजवत असाल आणि एकच घ्यायचं असेल, तर पिवळं घ्या, नाही परवडलं तर हिरव्याची चिनी नक्कल. ड्राइव्हचा काटा दहा वाजताच्या खाली, लेव्हल वर, टोन अर्ध्याच्या अलीकडं. निळं घरी ठेवा किंवा माझ्याकडून वीस रुपयांची डबी घेऊन जा. सोनेरी घ्यायचं असेल तर आधी गिटारचा चांगला ॲम्प्लिफायर घ्या आणि मग मला बोलवा, मलाही ऐकायचंय. आणि काहीही घेतलं तरी वाजवून झाल्यावर इनपुटची पिन काढून ठेवा.